वाटणीतला स्पंज

वाटणीच्या दिवशी वकीलबाईंच्या टेबलावर दोन याद्या होत्या, एक माझी आणि एक नवऱ्याची. बारा वर्षांच्या संसारातला फ्रिज, कपाट, शिलाई मशीन, सगळं भांडण न होता पार पडलं. मग माझ्या यादीतल्या शेवटच्या ओळीवर त्याने बोट ठेवलं.

"मासे माझ्याकडे राहतील. टाकी मी आणली होती."

दोन गोल्डफिश होते. आबा नऊ वर्षांचा, तळहाताएवढा. आणि त्याच्याहून तरुण ठमी, पोट सांभाळत पोहणारी. टाकी त्याने आणली हे खरं, पण त्यानंतर नऊ वर्षांत त्याने माशांना एक दाणा घातला असेल तर शपथ. दर आठवड्याला पाव टाकी पाणी काढायचं, नळाच्या ताज्या पाण्यातलं क्लोरीन माशांना बाधतं म्हणून आदल्या दिवशी भरून ठेवलेलं शिळं पाणी घालायचं, हे सगळं मी करायचे. आबा माझ्या बोटाला तोंड लावून दाणा घ्यायचा. ते बघून नवरा म्हणायचा, "पोर नाही ना, म्हणून माशाला भरवते." पाहुण्यांसमोरसुद्धा म्हणायचा, आणि वर स्वतःच हसायचा.

त्याला मासे कशाला हवे होते? मला मिळू नयेत एवढंच हवं होतं. बोलताना तो माझ्या तोंडाकडे बघत होता, मी रडते का ते पाहायला. मेले तरी रडणार नव्हते. त्याच क्षणी मी ठरवलं, याची अशी जिरवायची की हा जन्मभर विसरणार नाही.

"ठीक आहे," मी म्हणाले. "मग फिल्टरमधला स्पंज तेवढा मला दे."

वकीलबाईंनी चष्मा वर केला. नवरा खो खो हसला. "घे की! तो घाणेरडा स्पंज लखलाभ तुला. मी नवा कोरा बसवतो." तो लिफ्ट दुरुस्त करतो. यंत्र म्हटलं की आपल्याला सगळं कळतं असा त्याचा समज आहे.

मासे राहतात त्याच पाण्यात घाण करतात आणि त्या घाणीचं विष होतं. ते विष पचवणारे जंतू स्पंजात वाढतात. आमच्या टाकीत तळाला खडेही नव्हते, कारण गोल्डफिश खडे तोंडात घेतात आणि कधीतरी ते घशात अडकतात. म्हणजे सगळी भिस्त त्या एका काळ्या, बुळबुळीत स्पंजावर. तो गेला की आठवडाभरात पाणी गढूळ होणार, मासे वर येऊन तोंडं उघडणार आणि याला घाम फुटणार. नाक दाबलं की तोंड उघडतं. मग हा फोन करणार, 'घेऊन जा तुझे मासे', आणि मी आधी त्याच्याकडून माफी वदवून घेणार.

नाक आबाचं दाबलं जाणार होतं. ते मला कळत होतं. तरी मी केलं.

धाकट्या बहिणीकडे राहायला गेले. तिच्या बाथरूममध्ये बादलीत स्पंज ठेवला, हवेचा पंप लावला आणि जंतू जगावेत म्हणून रोज चार दाणे टाकू लागले. बहीण दारात उभी राहून म्हणाली, "ताई, लोक कुत्री पाळतात, मांजरं पाळतात. तू स्पंज पाळलास?"

सहाव्या दिवशी दुपारी फोन वाजला. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करते. हातातली काच खाली ठेवून पाहिलं तर त्याचं नाव. खोटं कशाला बोलू, अंगावर मूठभर मांस चढलं. उचलला नाही. संध्याकाळपर्यंत सात वेळा वाजला.

"अगं उचल ना," बहीण म्हणाली. "मासे मरतील."

"दोन दिवसांत नाही मरत. आबा चिवट आहे. याला तडफडू दे जरा."

त्या दिवशी कित्येक महिन्यांनी मी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला. 'पाणी दुधासारखं झालंय. काय करू?' मी तो तीनदा वाचला. 'खायला घालू नकोस, थोडं थोडं पाणी बदल' एवढं लिहिलं आणि पुसून टाकलं. संसारात बारा वर्षं मीच विचारत होते, काय करू, कशी वागू. आता एक दिवस त्याला विचारू दे.

आठव्या दिवशी सकाळी मी झाकणाची बादली आणि जपलेला स्पंज घेऊन गेले. दार उघडंच होतं. फरशीभर पाणी, त्याची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आणि टाकीतलं पाणी इतकं स्वच्छ की मी बादली दारातच खाली ठेवली.

"सगळं बदललंस?"

"सगळं. नळाचं ताजं भरलं. टाकी घासूनपुसून काढली."

ठमी कोपऱ्यात पंख मिटून होती, पंखांवर लाल रेघा उठलेल्या. आबा टेबलावर ताटात होता, नवऱ्याच्या ओल्या रुमालावर.

"तू फोन उचलला नाहीस," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "मी दिसलो की काचेपाशी यायचा, तोंड उघडायचा. मला वाटलं भूक लागली. मी घातलं. मग वाटलं पाणीच घाण आहे. बरं करायला गेलो गं." आणि तो रडायला लागला. हमसून, नाक पुसत. हेच बघायला मी आठ दिवस थांबले होते, आणि मला त्याच्याकडे बघवेना.

"माझं काय चुकलं?" त्याने विचारलं.

"तू मारलंस त्याला," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. माझं बोलणं त्याने पहिल्यांदाच न हसता मानलं.

मग ठमीला त्याने स्वतः बादलीत घेतलं, झाकण लावलं आणि पाणी हिंदकळू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून तीन मजले खाली आणलं. मी मागून उतरत होते. आबाला मी मारलं, हे सांगायला तीन मजले पुष्कळ होते. मी सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही.