कालच्या अंदाजाचा कागद

डॉक्टर कमलाकर देवस्थळी कोणाचं ऐकून घेणाऱ्यांतले नव्हते. अडतीस वर्षं त्यांनी लंडनच्या एका हॉस्पिटलात लोकांची हाडं जोडली, आणि तेवढ्या काळात ‘माझं चुकलं’ हे शब्द त्यांच्या तोंडून ना सिस्टरनं ऐकले ना बायकोनं. बायको, म्हणजे सुमन, म्हणायची, “अहो, तुमच्या नाकावर बसायचं तर माशीलाही अपॉइंटमेंट घ्यावी लागेल.”

तर असे हे कमलाकर एप्रिलातल्या एका शुक्रवारी सकाळी स्कॉटलंडात, एव्हीमोरच्या स्टेशनवर उतरले. कोटाच्या आतल्या खिशात एक पत्र होतं. मित्राचा मुलगा यतीन लंडनला विम्याच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, तिथे पुराचे धोके मोजायला माणूस हवा होता, आणि ती जागा त्याने कमलाकरांच्या मुलीसाठी, वरदासाठी, धरून ठेवली होती. सोमवारपर्यंत होकार द्यायचा होता. एकुलत्या एका लेकीला त्या बर्फातून उचलून घरी न्यायची, एवढ्यासाठी म्हातारा इतका प्रवास करून आला होता. पत्राचं तिला अजून सांगितलं नव्हतं.

वरदा चौतीस वर्षांची. डोंगरावरच्या स्की सेंटरला रोज दुपारी चार वाजता ती बर्फाचा अंदाज द्यायची, म्हणजे उद्या कुठला उतार उघडा ठेवायचा आणि कुठला बंद. सोळा वर्षांपूर्वी तिनं मेडिकलला जायला नकार दिला, तेव्हा लंडनच्या पिनर भागातल्या त्यांच्या घरी, स्वयंपाकघरात कमलाकरांनी निकाल देऊन टाकला होता : “ही मुलगी वाया जाणार.” गेली नऊ वर्षं ती इथे होती. सुमन दोनदा येऊन गेली, कमलाकर एकदाही नाही. हवामानखात्यानं पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी हे पुण्यात शेंबड्या पोरालाही कळतं, आणि आपली पोरगी जन्मभर तेच खातं चालवणार, हे त्यांना सोसत नव्हतं.

स्टेशनाबाहेर डोंगर दिसताच ते म्हणाले, “हा होय तुझा डोंगर? आपलं कळसूबाई याहून चारशे मीटर उंच आहे. तिथे लोक चपला घालून चढतात.”

“हो बाबा, पण कळसूबाई तुमच्या अंगावर पडत नाही,” वरदा म्हणाली.

सेंटरचा मॅनेजर युअन त्यांना बर्फ सपाट करायच्या यंत्रात बसवून वर घेऊन गेला. युअन दिवसाला बहुधा दहा शब्द बोलत असावा, आणि त्यातले चार ‘आय’ होते, म्हणजे स्कॉटिश ‘हो’. वर पोचल्यावर वरदानं फावडं काढलं आणि खणायला सुरुवात केली. छातीइतका खड्डा झाला, तरी ती थांबेना.

“आता खड्डा खोल झाली,” ती धापा टाकत म्हणाली.

“झाला.”

“झाला. सॉरी. बाबा, लुक.”

तिनं हातमोजा काढला आणि बर्फाच्या भिंतीत वरपासून खालपर्यंत हात रोवायला लागली. कुठे मूठ आत जायची, कुठे चारच बोटं, कुठे एक बोट. एका थरात तर बोटही जाईना, फक्त पेन्सिल रुतली. दर वीतभर अंतरावर थर्मामीटर खुपसायची, भिंगातून बर्फाचे कण बघायची, वहीत आकडे लिहायची. कमलाकर म्हातारे झाले असले तरी हात ओळखायला विसरले नव्हते. न दिसणाऱ्या जागी काय बिघडलंय ते बोटांनी शोधणारा हात त्यांनी आयुष्यात मोजून चार-पाच बघितले होते. ही पोरगी कुठे शिकली हे, असं त्यांच्या मनात आलं. तोंडानं मात्र ते म्हणाले, “थंडी वाजतेय.”

उताराच्या माथ्यावर वाऱ्यानं साठलेल्या बर्फाचा एक भलाथोरला छज्जा बाहेर आला होता. वरदानं दुरूनच दाखवला. “वसंतात सगळा गेम रात्रीचा असतो, बाबा. रात्री आकाश क्लिअर असलं की बर्फ फ्रीझ होतो, घट्ट. ढग आले की ते गोधडीसारखे वर बसतात, फ्रीझ होतच नाही, आणि सकाळच्या उन्हात तो छज्जा खाली येतो. खाली कोणी असलं तर…” तिनं वर आभाळाकडे बघितलं. “आज रात्री ढग आहेत.”

चार वाजता तिनं लिहिलं : वरचा उतार उद्या बंद, छज्जा दुपारच्या आत कोसळेल. खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं. शनिवार म्हणजे सीझनमधला शेवटचा गर्दीचा दिवस. युअननं कागद वाचला, डोकं खाजवलं, “आय” म्हणाला आणि दाराशेजारच्या फळ्यावर टाचून आला.

“नाव कशाला घालतेस?” कमलाकरांनी विचारलं. “चुकलं तर?”

“चुकलं तर कोणाला विचारायचं ते कळायला नको का?”

आणि चुकलंच. शनिवारी सकाळी कमलाकर खिडकीशी आले तर आकाश धुऊन ठेवल्यासारखं निळं, आणि अंगणातला बर्फ असा टणक की काठी टेकवली तर खणखणावी. सेंटरवर ही गर्दी! वरचा सगळ्यात सुंदर उतार दोरी लावून बंद, आणि छज्जा आपला जागच्या जागी मजेत ऊन खात बसलेला. अकरा वाजले, बारा वाजले, एक वाजला. काही पडलं नाही. लाल टोपीतला एक आडदांड गृहस्थ तीन मुलांना घेऊन ग्लासगोहून पहाटे निघून आला होता. कॅफेच्या दारात तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “हा अंदाज लिहिणारी बाई कोण आहे, मला बघायचीय.”

वरदा पुढे झाली. “मीच.” त्यानं तिला बरंच ऐकवलं, आणि तिनं ते सगळं ऐकून घेतलं.

कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेल्या कमलाकरांना पहिल्यांदा राग आला, आणि पाठोपाठ, खरं सांगायचं तर, थोडं बरंही वाटलं. आता पोरगी तोंडघशी पडलीच आहे, तर संध्याकाळी पत्र पुढे करायला सोपं जाईल. हा विचार मनात आला आणि बाप म्हणून त्यांची त्यांनाच लाज वाटली. त्यांनी चहा तसाच ठेवला.

दोन वाजता वरदानं फावडं उचललं.

“आता कुठे?”

“कालच्या जागेवर. रोज जावं लागतं, बाबा. काल काय म्हटलं आणि आज काय झालं, ते जाऊन बघायचं. रूल आहे.”

“कोणाचा?”

“माझाच. युअनलाही आवडतो.”

ते बरोबर गेले. कालच्या खड्ड्यापासून चार पावलांवर तिनं नवा खणला. वरचा वीतभर थर असा कडक की त्यात मूठ नाही, बोट नाही, पेन्सिलही नाही. शेवटी सुरी काढावी लागली. त्याखाली मात्र पुन्हा चार बोटं सहज आत गेली. वरदानं गुडघ्यावर बसून ती भिंत नीट बघितली, मग फोनवर रात्रीच्या हवामानाच्या नोंदी काढल्या. एक ते चार ढग फाटले होते. तीनच तास. तेवढ्यात वरचा थर गोठून घट्ट झाला होता, आणि तेवढ्यावरच छज्जा तगला होता.

“तीन तास,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज साधाच होता. “ते मी धरायला हवे होते.”

खाली येऊन तिनं रोजचा कागद काढला. त्यावर तीन रकाने होते : अंदाज, प्रत्यक्ष, कारण. तिनं लिहिलं : छज्जा पडेल असं म्हटलं होतं. पडला नाही. पहाटे ढग फाटतील हे मी धरलं नाही, चूक माझी. खाली पूर्ण नाव. आणि तो कागद ती स्वतः, भर गर्दीत, फळ्यावर लावायला निघाली.

कमलाकरांना राहवलं नाही. “अगं, हात दाखवून अवलक्षण कशाला? पडला नाही ते सगळ्यांना दिसतंच आहे.”

“नाही पडला हे दिसतं, बाबा. का नाही पडला ते नाही दिसत.”

लाल टोपीवाल्यानं तो कागद वाचला. एकदा वाचला, मग चष्मा लावून परत वाचला. कमलाकर बाजूला उभे राहून बघत होते. अडतीस वर्षांचा अनुभव त्यांना सांगत होता की लेखी चूक कबूल केलीस तर संपलीस, उद्यापासून तुझं कोणी ऐकणार नाही.

तो माणूस वरदाकडे वळला. “आणि उद्या?”

“उद्याही बंद,” वरदा म्हणाली. “वरचा थर कडक आहे, खालचा नाही. आज रात्री ढग नक्की आहेत.”

त्यानं मान डोलावली, मुलांना हाक मारली, म्हणाला, “चला, उद्या खालच्या उतारावर.” एका शब्दानंही वाद घातला नाही. मागे उभ्या असलेल्या दहा-बाराजणांनीही घातला नाही. युअन तर उद्याची दोरी बांधायला निघालासुद्धा होता. अख्ख्या आयुष्यात आपल्या शब्दावर लोकांनी असा विश्वास टाकलेला कमलाकरांना आठवेना. लोक आपल्याला घाबरायचे, आणि आपण त्यालाच विश्वास समजत आलो. कॅफेत उभ्या उभ्या त्यांना लेकीचा असा अभिमान वाटला की छाती दुखायला लागली, आणि डॉक्टर असल्यामुळे हे हृदयाचं दुखणं नव्हे एवढं त्यांना कळलं.

संध्याकाळी सातला, अजून उजेड होता, वरदा तिच्या छोट्या घरात खिचडी टाकत होती. कमलाकरांनी खिशातलं पत्र काढलं, पालथं केलं, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर दोन उभ्या रेघा मारल्या. मग मराठीत लिहायला बसले. तीन ओळी लिहायला त्यांना अर्धा तास लागला.

“काय लिहिताय?”

“वाच.”

वरदाला मराठी बोलता यायचं, वाचायचं म्हणजे अक्षर लावून लावून. तिनं गॅस बारीक केला, कागद खिडकीशी धरला, आणि लहानपणी वाचायची तसं बोट ठेवून वाचायला लागली. “अं-दाज. मुलगी… वाया… जाणार. पिनर. सोळा वर्षांपूर्वी.” ती थांबली. “प्र-त्यक्ष. गेली नाही.” आवाज थोडा बारीक झाला. “कारण. जा-गे-वर… जाऊन… पाहिलं नाही. चूक माझी.”

तिनं कागद उलटून बघितला. यतीनच्या कंपनीचं नाव, पगाराचा आकडा, सोमवारची तारीख. काही क्षण ती ते वाचत राहिली, मग पुन्हा लिहिलेली बाजू वर केली आणि कागद वडिलांपुढे ठेवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते तिनं पुसलंही नाही. कानामागची पेन्सिल काढून त्यांच्या हातात दिली.

“बाबा, नाव राहिली.”

“राहिलं,” कमलाकर म्हणाले, आणि खाली पूर्ण नाव लिहिलं.