चारशे किलोच्या खाली

माझी लेक काहीही विचारायचं असलं की आईला विचारते. नोकरी बदलू का, हे आईला. केस कापू का, हेही आईला. मला विचारते ते एवढंच, की टीव्हीचा रिमोट कुठाय, आणि तो बहुतेक वेळा माझ्याच मांडीखाली असतो. त्यामुळे त्या रविवारी चहा पिता पिता ती म्हणाली, "बाबा, जरा तुमचा सल्ला हवाय," तेव्हा मी आधी मागे वळून बघितलं.

"आमच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर ते वजन कमी करायचं सेंटर आहे ना, त्यांचा बारा आठवड्यांचा प्रोग्राम असतो. जाऊ की नको ते ठरत नाहीये. फायदे काय, तोटे काय, तुम्ही बघता का?" मग कप खाली ठेवून म्हणाली, "वजनातलं तुमच्याइतकं घरात कोणाला कळतं?"

झालं. मी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसलो. लेक सव्वीस वर्षांची, दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस. तिनं आपण होऊन मला काही विचारलं, ही आमच्या घरातली बातमीच होती. मी बायकोकडे बघून भुवया उडवल्या.

वजनातलं मला कळतं, हे मात्र खरं. एकोणतीस वर्षं मी ट्रकांचा वजनकाटा सांभाळतोय. भरलेला ट्रक काट्यावर येतो, मी केबिनच्या काचेतून बघतो, आकडा स्थिरावला की नोंदवतो. माल उतरवून ट्रक परत येतो, रिकामा मोजतो. भरलेल्यातून रिकामं गेलं की निव्वळ. पावती छापायची, शिक्का मारायचा, पुढची गाडी. काम कंटाळवाणं आहे, म्हणून तोंड चालू ठेवावं लागतं. बाहेर बोलायला माझ्याकडे माइक असतो. त्याच्यावरून मी ड्रायव्हर लोकांची फिरकी घेतो आणि सगळे म्हणतात, काका असले की रांगेत उभं राहायला त्रास होत नाही. ह्या गोष्टीचा मला फार अभिमान होता.

मी कामाला लागलो. आमच्या पाळीत एकजण आहे, त्याला सगळे ठेंगणा म्हणतात, त्याच्या बायकोनं असाच एक प्रोग्राम केला होता. तो म्हणाला, अकरा किलो गेले आणि वर्षात चौदा परत आले, म्हणजे तीन किलो सोबत घेऊन आले. कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणाला, त्यांचीच पावडर, त्यांचेच डबे, त्यांचंच सूप. सोडलं की माणूस पुन्हा होता तिथं. पण त्याच्याच दुकानातल्या बाई म्हणाल्या, "मला तर बाई फायदाच झाला. दर बुधवारी जायचंय म्हटल्यावर हात आपोआप आखडतो. शिवाय आपल्यासारख्या आणखी दहाजणी दिसतात." मी तेही लिहून घेतलं. मला वाटलं, माझ्याइतका निःपक्षपाती बाप कोणाला मिळणार नाही.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती, तिला मी हे सगळं वाचून दाखवलं.

"अहो, तिला का जायचंय, ते विचारलंत का?" ती म्हणाली.

"वजन कमी करायला. आणखी कशाला जातात तिथं?"

"मग तिनं तुम्हाला का विचारलं असेल, ह्याचा तरी विचार करा."

मी केला. मला वाटलं, अनुभवामुळे.

पुढच्या शनिवारी मी आणि लेक सेंटरमध्ये गेलो. पहिली भेट फुकट होती. भिंतीवर आधीचे आणि नंतरचे फोटो. आधीच्या फोटोतली माणसं सगळी दुखवट्याला आल्यासारखी उभी, नंतरच्या फोटोत तीच माणसं कंबरेवर हात ठेवून हसणारी. मी लेकीच्या कानात म्हणालो, "अर्धं वजन तर हसल्यानंच कमी दिसतंय." ती हसली नाही. माझा विनोद जरा मोठ्यानं झाला होता, समोरच्या खुर्चीतल्या बाईंनी पर्स पोटावर घेतली.

सल्लागार म्हणून जी मुलगी आली ती लेकीच्याच वयाची, केस घट्ट बांधलेली. एका खोलीत तिनं आम्हाला बसवलं. पडद्यामागे वजनाचं मशीन होतं. मी बसायच्या आधी पडदा सारून त्याच्याभोवती एक चक्कर मारली.

"शेवटचं कधी तपासलंय हे? शिक्का कुठाय?"

"बाबा, बसा ना," लेक म्हणाली.

"अगं, विचारायला नको? उद्या दोन किलो जास्त दाखवून तुला प्रोग्राम गळ्यात मारतील." हे बोलताना मी सल्लागार मुलीकडे बघून डोळा मिचकावला. तिनं मशीनच्या मागचं स्टिकर मला दाखवलं. ठीक होतं.

मग मी माझे प्रश्न काढले, आणि ते चांगले होते असं मला आजही वाटतं. पावडर घेतलीच पाहिजे का? नाही घेतली तर? बारा आठवडे संपल्यावर काय? ती मुलगी सरळ होती. म्हणाली, "काका, खोटं कशाला सांगू. बऱ्याच जणांचं थोडंफार परत येतं. काहींचं सगळं येतं. पण काही माणसांना एकट्यानं जमत नाही. दर आठवड्याला कोणीतरी आपली वाट बघतंय, एवढ्यानंही त्यांना फरक पडतो. तुमची मुलगी कशी आहे, ते तिलाच माहीत."

मग तिनं लेकीला विचारायला सुरुवात केली. झोप किती, चालणं किती, घरात कोणाला साखर आहे का. सातवा की आठवा प्रश्न होता: वजन जास्त आहे असं तुम्हाला पहिल्यांदा कधी वाटलं?

लेकीनं आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "बारा वर्षांची असताना. बाबांच्या काट्यावर."

आणि मी हसलो. खरं सांगतो, मला आनंद झाला, की बोलण्यात माझी गोष्ट आली. "अहो, ती गंमत मी सांगतो," म्हणून मी खुर्ची पुढे ओढली.

सांगितली. मी घरी चष्मा विसरलो होतो, तो द्यायला ही सुट्टीत दुपारची काट्यावर आली. रांगेत पाच-सहा गाड्या, सगळे वैतागलेले. मी माइकवरून म्हणालो, "चला, लहान गाडी आधी घ्या काट्यावर!" ही बिचारी मधोमध जाऊन उभी राहिली. अठरा मीटरचं ते लोखंड, आणि त्याच्यावर एवढीशी ही, फ्रॉकमध्ये. मी रीतसर पावती छापली. मालाच्या रकान्यात टाइप केलं: कन्यारत्न. माइकवरून वाचून दाखवली. ड्रायव्हर पोट धरून हसले. एकजण ओरडला, "ओव्हरलोड आहे, दंड लावा!" पुढं दोन-तीन वर्षं आम्ही घरात हिला ओव्हरलोडच म्हणायचो. लाडानं.

"ही पण हसली होती," मी म्हणालो.

सल्लागार मुलीचं पेन थांबलं होतं. ती हसेल म्हणून मी जागा सोडली होती, ती तशीच रिकामी राहिली.

"गाडी क्रमांक: नाही," लेक म्हणाली. दवाखान्यात पुढच्या पेशंटचं नाव पुकारतात त्या आवाजात. "ड्रायव्हर: स्वतः. भरलेलं वजन साठ. रिकामं शून्य. निव्वळ साठ. माल: कन्यारत्न. खाली तुमची सही."

ड्रायव्हर: स्वतः. हे मी लिहिलं होतं, हे मलाही आठवत नव्हतं.

मग ती माझ्याशी नाही, त्या मुलीशी बोलत राहिली. शाळेचा डबा आठवीपर्यंत ती मैत्रिणीला देऊन टाकायची. घरी आली की स्वयंपाकघरात उभ्यानं खायची, दार लोटून, हाताला लागेल ते. "कोणी आलं की तोंडातलं न चावता गिळायचे," म्हणाली. "अजूनही कोणासमोर जेवताना मला घास मोजावेसे वाटतात."

मी ऐकत होतो आणि मला ते कपाट दिसत होतं. खाऊ फार लवकर संपतो म्हणून मी एकदा त्याला छोटं कुलूप लावलं होतं आणि किल्ली गळ्यात अडकवून घरभर फिरलो होतो. पाहुणे आले होते. पाहुण्यांना मी किल्ली वाजवून दाखवली. ते हसले, मला वाटलं दिवस चांगला गेला. बायको तेव्हा आत निघून गेली होती, आणि मी म्हणालो होतो, हिला विनोदच कळत नाही.

"मी मशीन सुरू करून ठेवते," म्हणून सल्लागार मुलगी पडद्यामागे गेली. मशीन सुरू करायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे. ती आमच्यासाठी गेली होती.

माझे कान तापले होते. काहीतरी करायला हवं होतं, आणि मला जे येतं तेच मी केलं.

"ऐक," मी म्हणालो. "ते साठ चूक होतं. आमचा काटा वीस-वीसच्या टप्प्यानं दाखवतो. चाळीस, साठ, ऐंशी. मधलं काही दाखवतच नाही. तू पन्नासच्या जरा वर असशील, त्यानं साठ दाखवलं. आणि चारशे किलोच्या खाली तर त्या काट्यावर भरवसाच ठेवायचा नसतो, तसं पाटीवर लिहिलेलं असतं. ती पावती कुठल्याच कामाची नव्हती. तू साठ नव्हतीस, बाळा."

"तुम्हाला तेव्हा माहीत होतं हे?"

नाही म्हणता आलं असतं. ते तोंडात आलंही होतं.

"हो," मी म्हणालो.

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर हसण्यासारखं काही राहिलं नसतं."

हे वाक्य मी बोललो, आणि बोलल्यावर मला कळलं की ते खरं आहे. लाज वाटणं म्हणजे काय, हे मला त्या क्षणापर्यंत नीट माहीत नव्हतं. बापाला लेकीसमोर इतकी लाज वाटू शकते, हेही नाही.

"बावन्न होते मी," ती म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी औषधाच्या दुकानात जाऊन बघितलं. तुमचा काटा चुकीचा आहे, हे मला तेव्हाच कळलं होतं."

"मग..." मला एकदम धीर आला, इतका की आता त्याचीही लाज वाटते. "मग माहीत होतं तर एवढी वर्षं..."

"आकड्याचं काय घेऊन बसलात, बाबा?" ती चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. "ड्रायव्हर हसले त्याचंही मला काही नाही. ते परके होते. मी त्या काट्यावर उभी होते आणि काचेतून तुम्ही दिसत होतात. तुम्ही टेबलावर हात आपटून हसत होतात. मी नाही हसले तर तुम्हाला वाईट वाटेल, असं वाटलं मला. म्हणून हसले."

पडद्यामागे मशीन टुक करून वाजलं. आम्ही दोघांनी तिकडे बघितलं, एकमेकांकडे नाही.

"मग मला कशाला विचारलंस?" मी म्हणालो. "आईला विचारायचंस. नेहमी तिलाच विचारतेस."

"तुम्हाला ते आठवतं का, बघायचं होतं. मी ठरवलं होतं, विसरले असतील तर आपणही सोडून देऊ. माणूस विसरतो."

"मी विसरलो नव्हतो."

"हो ना," ती म्हणाली. "गंमत म्हणून लक्षात ठेवलंत."

माझ्या जिभेवर एक विनोद आला. अशा वेळी तो येतोच, मी त्याला बोलावत नाही. तो काय होता ते मी लिहिणार नाही. मी तो गिळला, आणि दुसरं काही सुचेना तेव्हा जे उरलं होतं ते बोललो.

"चुकलो मी. फार चुकलो."

"हं," ती म्हणाली. तिनं डोळे पुसले नाहीत, पण चष्मा काढून पुसला आणि पुसतच राहिली.

सल्लागार मुलीनं पडद्याआडून हाक मारली. सवयीनं मीही उठलो. वजन म्हटलं की मी उठतो.

"तुम्ही बसा," लेक म्हणाली.

मी बसलो. आकडा मोठ्यानं कोणी वाचला नाही. पडद्याबाहेर आल्यावर ती माझ्या शेजारीच बसली, आणि मी तिला काही विचारलं नाही. एकोणतीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं असेल, की माझ्यासमोर वजन झालं आणि किती ते मला कळलं नाही.

"घालते मी नाव," ती त्या मुलीला म्हणाली. "परत येईल कदाचित, ते कळलंय मला. पावडर नकोय. पण दर आठवड्याला यायचं हे मला हवंय. कोणाशी तरी बोलायला हवंय."

मुलीनं फॉर्म पुढं केला. लेक भरत गेली. शेवटी एक रकाना होता: घरातून साथ देणारी व्यक्ती.

"म्हणजे तुमचं वजन किती आहे, कसं चाललंय, हे आम्ही ज्यांना सांगितलेलं तुम्हाला चालेल असं कोणी," मुलीनं समजावलं.

लेकीनं लिहिलं: आई. विचार करावा लागला नाही तिला.

"दोन नावांची जागा आहे," मुलगी म्हणाली. माझ्यासाठी म्हणाली, हे उघड होतं. "काका एवढे बरोबर आलेत. त्यांचं लिहायचं का?"

लेकीनं पेन कागदावर टेकवून धरलं. शाईचा एक ठिपका पडला. मग तिनं पेन उचललं.

"नको," ती म्हणाली. आणि माझ्याकडे वळून, हळूच, मला लागू नये म्हणून, "आत्ता नको, बाबा."

"बरोबर आहे," मी म्हणालो. आवाज इतका बारीक आला की त्या मुलीला विचारावं लागलं, काय म्हणालात, काका?