जपून ठेवलेला टोप

त्या रविवारी ग्यानोबांनी पेटी उघडली ती माझ्यासाठी नव्हे. भाच्याच्या लग्नात आहेर करायला त्यांना टॉवेल-टोपी हवी होती. ती शोधताना त्यांचा हात माझ्या पिशवीला लागला. त्यांनी मला बाहेर काढले, धोतराच्या सोग्याने माझी जाळी पुसली आणि भिंतीवरच्या आरशात बघत मला डोक्यावर ठेवले.

"कसा दिसतो?" त्यांनी विचारले.

त्यांच्या पत्नी केवळाबाई उंबऱ्याशी बसून ज्वारी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. "लग्नाला तोच घालून जाता का काय? नवरदेव पळून जाईल."

ग्यानोबा हसले. दिवाळीला लेक दीपी आली की घालीन, तिला बघू दे कसा कोरा ठेवलाय ते, असे काहीसे म्हणत त्यांनी मला पुन्हा पिशवीत घातले. झाकण खाली आले, कडी बसली आणि अंधार झाला. त्या डोक्यावर मी शेवटचा बसलो होतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

मित्रांनो, मी लाकूड कापणाऱ्याचा टोप आहे. दुकानात मला हेल्मेट म्हणत. ग्यानोबा टोप म्हणत, म्हणून मीही स्वतःला टोपच म्हणतो. माझा रंग नारिंगी. समोर डोळ्यांवर ओढायची तारेची काळी जाळी, दोन्ही बाजूंना कानांवर बसणाऱ्या दोन जाड वाट्या, हनुवटीखाली पट्टा आणि मागे डोक्याच्या मापाला फिरवायची एक चकती. वयाने मी जुना आहे. कामाने विचाराल, तर अजून जवळजवळ नवा.

माझा जन्म एका कारखान्यात, गरम साच्यात झाला. आमच्याच खेपेतल्या एका भावावर उंचावरून वजन टाकून पाहिले होते. तो टिकला म्हणून आम्हा बाकीच्यांना बाजारात पाठवले. त्या भावाचा मला अभिमान वाटे. आपणही असेच एखाद्या दिवशी कुणासाठी मार खाऊ, असे मला वाटायचे. मग मी नांदेडला आलो आणि तिथल्या वजिराबाद भागातल्या एका दुकानात खिळ्याला लटकून राहिलो.

तिथे मला दीपमालाने शोधले. ती ग्यानोबांची एकुलती एक लेक, नांदेडच्या एका कॉलेजात शिकवते. ग्यानोबा आणि त्यांचे जोडीदार लालमहंमद कंधारच्या आसपास बांधावरची, रस्त्याकडेची वाळलेली झाडे कापायचे काम घेत. पूर्वी कुऱ्हाड आणि करवत होती, मग पेट्रोलवर चालणारे साखळीचे मशीन आले. ग्यानोबा मशीन चालवत आणि लालमहंमद दोर धरत. डोक्याला रुमाल बांधला की ग्यानोबांची तयारी झाली. डोळ्यांना ते मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला काळा चष्मा लावत. झाडाखालच्या सावलीत त्यातून त्यांना धड दिसतही नसे. एकदा त्या चष्म्याच्या बाजूने लाकडाचा कपचा शिरला आणि त्यांचा डोळा आठवडाभर लाल राहिला. ते कळल्यावर दीपमाला दुकानात आली होती.

तिने घाई केली नाही. दुकानदाराने आधी इमारतीच्या कामावरची पिवळी टोपी दाखवली. तिने ती घालून छताच्या पंख्याकडे पाहिले आणि टोपी मागे घसरून पडली. मग त्याने मोटारसायकलचे हेल्मेट काढले. त्यात मान जड होत होती आणि वरचे दिसत नव्हते. झाड कापणाऱ्याने वर पाहिलेच पाहिजे, असे ती म्हणाली. मग पारदर्शक काचेचा टोप आला. तिने तो घालून दोन-तीनदा जोरात श्वास सोडला, काच धुरकट झाली, तिने तोही परत केला. शेवटी दुकानदाराने मला खिळ्यावरून काढले. जाळीवर वाफ धरत नाही हे तिला पटले. बारीक भुसा मात्र जाळीतून आत येतो, हे दुकानदाराने स्वतःहून सांगितले, म्हणून आत घालायला तिने एक साधा पांढरा चष्माही घेतला. माझा भडक रंग बघून दुकानदार हसला. म्हाताऱ्या माणसाला हा रंग चालेल का, त्याने विचारले. फांद्यांच्या गर्दीत दोर धरणाऱ्याला अण्णा दिसले पाहिजेत, ती म्हणाली.

मापाचा घोटाळा मात्र झाला. तिने आईला फोन करून अण्णांचे डोके सुतळीने मोजायला सांगितले होते. केवळाबाईंनी ते रुमालासकट मोजले. मी घरी पोचलो आणि ग्यानोबांच्या नाकापर्यंत खाली आलो. मग दीपमालाने मागची चकती फिरवली, पट्टा आवळला, वर बघा म्हणाली, मान हलवा म्हणाली. मी हललो नाही. तिने अण्णांच्या कपाळावरची माझी कड बोटाने तपासली आणि निघताना एवढेच म्हणाली, "अण्णा, जपा."

ग्यानोबांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. गल्लीत लालमहंमदांनी मला पाहिले आणि ते सायकलवरून उतरूनच हसू लागले. "काय ग्यानबा, विमान चालवायला निघालास का?" चौकातल्या चहावाल्यापर्यंत ही गंमत पोचली. ग्यानोबा मुकाट्याने चालत राहिले, पण ते खूश होते; माझा पट्टा त्यांच्या घशाजवळ होता, म्हणून तिथले हसू मला जाणवत होते. त्या दिवशी आम्ही एक वाळकी बाभूळ पाडली. कपचे माझ्या जाळीवर तडातडा आपटत होते आणि आत दोन डोळे उघडे, शांत होते. मशीनचा आवाज वाट्यांपाशी येऊन अडत होता. एक काटेरी फांदी सपकन माझ्या माथ्यावरून घासून गेली. ग्यानोबांना काहीच झाले नाही. मित्रांनो, माझ्या आयुष्यात तो एक दिवस आला.

संध्याकाळी त्यांनी मला मांडीवर घेतले, तेव्हा माथ्यावरचा ओरखडा त्यांना दिसला. त्यांनी त्यावर खोबरेल तेल चोळून पाहिले. ओरखडा गेला नाही. "लेकीनं दिलेलं हाय," ते केवळाबाईंना म्हणाले, "असं रोज घातलं तर वर्षात वाटोळं होईल." त्यांनी मला कोऱ्या पिशवीत घातले आणि पेटीत ठेवले.

पेटीत माझ्या आधीपासून पुष्कळ जण होते. लग्नाकार्यात आलेल्या टॉवेल-टोप्या, एक न नेसलेले लुगडे, कागदात गुंडाळलेला स्टीलचा डबा, आणि कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या. सगळेच चांगले होते आणि चांगले होते म्हणूनच आत होते. उन्हाळ्यात वरचे पत्रे तापत आणि पेटी भट्टी होई. माझ्या आत, चकतीच्या जवळ, मी कधी बनलो त्याची बारीक खूण आहे. माझ्या जातीचे प्लास्टिक न वापरताही म्हातारे होते, हे कुणीतरी ग्यानोबांना सांगायला हवे होते. मी सांगू शकत नव्हतो.

रोज संध्याकाळी दीपमालाचा फोन येई. ग्यानोबा पेटीवर बसून बोलत. ज्यांच्या डोक्यावर मी बसायचे, ते माझ्या डोक्यावर बसून बोलत. मशीनमुळे त्यांना कमी ऐकू येई, म्हणून फोनचा आवाज मोठा असे आणि मला दोन्हीकडचे ऐकू येई.

"अण्णा, हेल्मेट कसं आहे?" ती विचारायची.

"टोप ना? एक नंबर हाय. लई जपतो मी त्याला, माय."

"त्रास नाही ना काही?"

"कसला तरास? अजून कोरा हाय."

तिला वाटे, माल चांगला निघाला. ग्यानोबांना वाटे, आपण लेकीचा शब्द पाळतो आहोत. दोघे खरे बोलत होते. मी त्या दोघांच्या मध्ये, पत्र्याच्या झाकणाखाली होतो. एकदा तरी झाकणावर आपटावे, आवाज करावा, असे मला फार वाटे. पण टोपाला कुणीतरी उचलावे लागते. तो स्वतः उठत नाही.

मग त्या रविवारनंतरचा सोमवार आला. सकाळी ग्यानोबांनी रुमाल बांधल्याचे मी ऐकले. तो बांधताना ते नेहमी दातात एक टोक धरत आणि त्यामुळे त्यांचे बोलणे बोबडे येई. दोर जुना झालाय, नवा बघायला पाहिजे, असे ते केवळाबाईंना सांगत होते. मग सायकलची घंटा झाली आणि लालमहंमदांबरोबर ते गेले.

दुपारी अंगणात खूप पावले आली. आधी कुणीच मोठ्याने बोलत नव्हते. मग केवळाबाईंचा आवाज आला आणि मी तो पुन्हा सांगणार नाही. संध्याकाळी पेटी उघडली, ती नव्या पंच्यासाठी. उजेडात मला केवळाबाईंचा चेहरा दिसला. त्यांनाही मी दिसलो. त्यांनी पंचा घेतला आणि झाकण हळूच खाली ठेवले.

दीपमाला नांदेडहून आली तेव्हा अंधारले होते. पुढचे काही दिवस ती आल्यागेल्याला पाणी देत होती, आईला जेवू घालत होती. तेरावे झाल्यावर ती लालमहंमदांपाशी येऊन बसली आणि तिने विचारले, "मामू, हेल्मेट फुटलं का? कुठं पडलं होतं ते?"

लालमहंमदांनी मान खाली घातली.

"टोप न्हवता बेटा," ते म्हणाले. "रुमाल होता."

मग त्यांनी सगळे सांगितले. त्या सोमवारी कापायला घेतलेली बाभूळ बरोबर पडली होती, जिकडे पाडायची तिकडेच. पण पडताना ती शेजारच्या कडुलिंबाला घासली आणि तिथे अडकून राहिलेली एक वाळकी फांदी सुटली. मशीनच्या आवाजात हाक ऐकू गेली नाही. फांदी मोठी नव्हती, मनगटाएवढी होती. मी विमानाचं बोलून हसलो होतो त्याला, असेही ते म्हणाले.

मनगटाएवढी फांदी. मित्रांनो, मी नक्की पेलली असती असे मी शपथेवर सांगत नाही. पण तेवढ्यासाठीच मला घडवले होते.

केवळाबाईंनी पेटी उघडून मला लेकीच्या हातात दिले. "तू जपा म्हणाली होतीस ना," त्या म्हणाल्या, "म्हणून घालत न्हवते."

दीपमालाने माझ्यावरचा एकमेव ओरखडा पाहिला. तिने त्यावरून अंगठा फिरवला. तो शब्द तिने कुणासाठी उच्चारला होता आणि तो कुणाच्या वाट्याला गेला, हे तिला तेव्हा कळले. ती रडली नाही. मला मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली, दिवेलागण होऊन गेली तरी.

पेटीतून सुटलो असे मला वाटले होते. पण केवळाबाईंनी मला काचेच्या कपाटात, ग्यानोबांच्या फोटोशेजारी ठेवले. फोटोला हार घातला की एक फूल माझ्यावरही ठेवत. कंधारच्या बाजाराला निघालेली माणसे दारात थांबत, मला बघत आणि हळहळत. आता मला उजेड होता, बाहेरचे सगळे दिसत होते. लालमहंमद समोरून कामावर जाताना दिसत. आता मशीन ते स्वतःच चालवत होते आणि त्यांच्या डोक्याला रुमाल होता. काच माझ्या आणि त्यांच्या मध्ये होती.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे कुणी कपाटात असेल. कुणी प्रेमाने आणलेले असेल, म्हणून ते काढायला हात धजत नसेल. तुम्ही ते काढा. त्याला मळू द्या, त्याच्यावर ओरखडे पडू द्या. माझी एवढीच विनंती आहे.

दिवाळीला दीपमाला घरी आली होती. ईदला लालमहंमद शिरखुर्म्याचा डबा ठेवून जातात, तसे या वेळी ते फराळाचा डबा न्यायला आले. उद्या देगलूरच्या रस्त्याला मोठे काम आहे, एक जुनी चिंच काढायची आहे, असे बोलता बोलता म्हणाले. दीपमालाने त्यांच्या डोक्याकडे पाहिले. मग ती उठली, काच सरकवली आणि माझ्यावरचे फूल काढून फोटोपाशी ठेवले.

"रुमाल सोडा, मामू," ती म्हणाली.

लालमहंमद मागे सरकले. "न्हाई बेटा. ग्यानबाची निशाणी हाय ही. माझ्या हातून फुटली तर भाभीला काय तोंड दाखवू?"

केवळाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. "राहू दे ना दीपे," त्या म्हणाल्या. "तेवढंच उरलंय आपल्याजवळ."

दीपमाला थांबली. मला वाटले, आता ती मला परत ठेवणार. पण तिने लालमहंमदांचा रुमाल स्वतःच सोडला, मला त्यांच्या डोक्यावर बसवले आणि मागची चकती फिरवली. त्यांचे डोके लहान होते, म्हणून आणखी थोडी फिरवली. मग तिने पट्टा लावायला घेतला. पहिल्यांदा तिला तो लागलाच नाही.

"टोप फुटला तर मी दुसरा आणते," ती म्हणाली. हे ती लालमहंमदांना सांगत होती, पण शब्द त्यांच्यापाशी थांबले नाहीत. माझ्यावरून ती पलीकडे, फोटोकडे बघत होती.

"अण्णा, मला तुम्ही पाहिजे होतात."