न्यूट्रलमध्ये अडकलेला आत्मा

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध वर्षभरापूर्वी वारलेल्या मुलाची मोटारसायकल स्टँडवर उभी होती. इंजिन चालू होतं आणि आतून सारखी ठकठक, ठकठक येत होती. वर ध्वनिबाबा बसले होते. "आत्मा लाजाळू असतो," असं सांगून त्यांनी हँडलवर जाडजूड शाल पांघरली होती आणि दोन्ही हात तिच्याखाली घातले होते.

"बाळा, शेवटच्या घटकेला आईची आठवण काढलीस का? काढली असशील तर गप्प हो!"

ठकठक थांबली. इंजिन चालूच होतं, ठकठक मात्र गायब! गर्दीने आ वासला. सासूबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. मुलाने दवाखान्यात प्राण सोडला तेव्हा त्या जवळ नव्हत्या, आणि तेच त्यांना वर्षभर खात होतं.

"तुमचा मुलगा न्यूट्रलमध्ये अडकलाय, आई," बाबा कळवळून म्हणाले. "ना पुढे, ना मागे! गाडी आमच्या मठात आली, की आत्मा थेट टॉप गिअरमध्ये. काय बाळा, येतोस ना?"

मधेच सुरू झालेली ठकठक पुन्हा थांबली.

"घेऊन जा," सासूबाई म्हणाल्या.

सूनबाई दारात उभी होती. ती नर्स होती. याच गाडीवरून घरोघरी जाऊन ती रुग्णांचं ड्रेसिंग करायची, आणि त्यावरच घर चालायचं. पण तिला वेगळीच शंका छळत होती. सिग्नलला क्लच दाबून उभं राहिलं, की ही ठकठक रोजच थांबायची. मग नवरा रोज सिग्नललाच कशाला 'हो' म्हणत होता?

तिने पिशवीतून स्टेथोस्कोप काढला.

"इंजिनाला कसला आजार?" बाबा खेकसले.

"तेच बघतेय."

पिस्टनच्या बाजूला आवाज बारीक होता. क्लचच्या झाकणावर मात्र कानठळ्या बसत होत्या.

"बाबा, उतरा. मला बोलायचंय त्यांच्याशी."

"आत्मा परक्यांशी बोलत नाही!"

"अहो, बायको आहे ती त्याची!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. बाबा नाइलाजाने उतरले.

सूनबाईने शालीखाली हात घातले. "अहो, गाडी मठाला द्यायची का?"

ठकठक जोरात चालू.

"बाबांना रिकाम्या हाताने पाठवू?"

चिडीचूप.

"हा कुणीतरी दुसराच आत्मा आहे!" बाबा किंचाळले.

तिने शाल ओढून काढली. तिच्या डाव्या हाताची बोटं हँडलच्या दांडीवर आवळलेली होती. "हाच तो दुसरा आत्मा. याला क्लच म्हणतात. आतले भाग झिजून ढिले झालेत. क्लच सोडला की आपटतात, दाबला की थांबतात. ज्याला पटत नाही त्याने बसून बघावं."

दूधवाला पुढे सरसावला. "माझं दूध शुद्ध आहे ना?" त्याने विचारलं, आणि आत्म्याने तत्काळ मान्य केलं. लोक पोट धरून हसले. त्या गोंधळात बाबांनी काढता पाय घेतला. शाल मागेच राहिली.

सासूबाई हसल्या नाहीत. त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने क्लच दुरुस्त केला. गाडी ठोकू लागली तर मेकॅनिक गाठावा, आणि गेलेलं माणूस आठवू लागलं तर त्याच्या माणसांजवळ बसावं. एवढ्या साध्या कामांत कुणी शाल पांघरून मध्ये घुसलाच, तर आधी शाल उचलून बघावी.

मेकॅनिककडून परतताना सासूबाई सूनबाईच्या मागे बसल्या होत्या. "आता काहीच ऐकू येत नाही गं," त्या म्हणाल्या.

"आई, ते लोखंड होतं. त्याला काय माहीत? मला विचारा ना. मी होते तिथे."

वर्षभर दोघींनी त्या दिवसाचा विषय काढला नव्हता. सासूबाईंनी सूनबाईचा खांदा घट्ट धरला.

"आठवण काढली होती का गं त्याने माझी?"

सूनबाईने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"काढली होती, आई. 'आई जेवली का,' असं दोनदा विचारलं त्यांनी."