उघड्या डोळ्यांनी सिरोंचा

हर्षाला बस लागायची. तिचं माहेर सिरोंचा आणि सासर भद्रावती, आणि मध्ये सगळं जंगल. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, पण माहेरी जाताना प्रत्येक वेळी तिने खिडकीशी डोकं टेकून, डोळे गच्च मिटून आणि नाकाशी लिंबू धरूनच प्रवास केला होता. रेपनपल्ली, उमानूर, जिमलगट्टा ही गावं तिला ठाऊक होती ती कंडक्टरच्या आवाजातून. ती दिसतात कशी असं कुणी विचारलं असतं, तर तिला सांगता आलं नसतं.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत सायकलने कुठे जायचं असं प्रफुलने विचारलं, तेव्हा ती भाजी चिरता चिरताच म्हणाली, "सिरोंचाले."

प्रफुल माजरीच्या कोळसा खाणीत इलेक्ट्रिशियन. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी साखरेचा धाक घातला म्हणून त्याने सायकल घेतली, आणि मग सायकलनेच त्याला धरलं. गिअरची महागडी सायकल, हेल्मेट, पेडलमध्ये खटकन अडकणारे बूट आणि दर रविवारी भल्या पहाटे निघणारी मित्रमंडळी, असा त्याचा थाट. हर्षा एका खेड्यातल्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि बस लागते म्हणून रोज सायकलनेच जायची. सायकल होती लेकीची, नंदिनीची. नंदिनी शिकायला नागपूरला गेली तेव्हा ती मागे राहिली होती. पुढे टोपली, मागे कॅरियर, सहा गिअर, आणि त्यातले दोन पडायचेच नाहीत.

"तिकडं रस्ता लांबचा आहे," प्रफुल म्हणाला. पण मोबाईलवर नकाशा बघता बघता त्याचाच चेहरा खुलत गेला. आधी चंद्रपूर शहर, मग मूल गावाकडची धानाची शेतं, मग वैनगंगेचा काठ, आणि आलापल्लीपासून पुढे डोंगर. "शहर, नदी, पहाड, सारं एकाच दौऱ्यात. जमते. पण माझ्या मागं मागं राहायचं."

ती मागे मागे राहिली. चंद्रपूरला जटपुरा गेटपाशी मात्र ऑटो, हातगाड्या आणि मोकाट गाईंच्या गर्दीत प्रफुलचा बूट पेडलमधून वेळेवर सुटेना. तो एका फळवाल्याच्या खांद्याला धरून उभा राहिला, तोवर हर्षा घंटी वाजवत कमानीतून पार झाली होती. पलीकडे ती त्याची वाट बघत थांबली.

मूलला मुक्काम केला तेव्हा राईस मिलच्या कोंड्याने दोघांचे केस पांढरे झाले होते. गडचिरोलीच्या अलीकडे वैनगंगेचा पूल लागला. सायकली खाली वाळूपर्यंत ढकलत नेऊन त्यांनी पाण्यात पाय सोडले आणि भाकरी-ठेचा खाल्ला. काठाने बगळे उभे होते. एक माणूस डोंग्यात बसून जाळं सोडवत होता. त्याने विचारलं, "कुठून आले?" प्रफुलने सायकलच्या गिअरपासून सुरुवात करून सगळा दौरा ऐकवला. माणूस ऐकून म्हणाला, "अन् बाई?" 

"बाईबी आलीच नं," प्रफुल म्हणाला.

आष्टीच्या पुढे रस्ता बदलला. सूरजागडच्या डोंगरातून लोखंडाचं खनिज घेऊन येणारे ट्रक एकामागे एक येत होते, आणि झाडांची पानं लाल धुळीने माखली होती. प्रफुल वळून वळून ओरडत होता, "कडेनं चाल, कडेनं!" असंच मागे बघताना त्याचं पुढचं चाक डांबराच्या कडेवरून खाली मुरमात घसरलं. ट्रक बराच लांब होता. ट्रकवाल्याचा यात काही दोष नव्हता. प्रफुल उजव्या हातावर पडला.

आलापल्लीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, पण मनगट चांगलंच मुरगळलं आहे. दोन आठवडे हँडल धरायचं नाही. लॉजच्या खोलीत प्रफुल हात झोळीत घालून बसला. खिडकीतून समोरचे उंच साग दिसत होते, पण त्याचं लक्ष नव्हतं.

"उद्याची बस पकडू," तो म्हणाला. "सायकली वर टाकू. अश्विनले फोन करतो." अश्विन म्हणजे हर्षाचा धाकटा भाऊ, त्याचं सिरोंचाला औषधाचं दुकान होतं.

हर्षा त्याच्या झोळीची गाठ सारखी करत होती. "तुमी बसनं जा. मी सायकलनं येतो."

"पागल झाली का? पुढं सारं जंगल आहे."

"जंगल मागंबी होतं."

"मागं मी होतो नं सोबत."

"तुमी पुढं होते. मागं मी एकटीच चालवत होतो."

प्रफुलने झोळीतला हात सावरला. "रस्ता किती खराब आहे, मालूम आहे तुले?"

"नाई मालूम. जन्मभर त्याच रस्त्यानं येऊन-जाऊन राह्यलो अन् मले काहीच मालूम नाई. म्हणूनच जातो."

"अन् लोक काय म्हणतीन? नवरा बसमधी अन् बायको सायकलवर."

"म्हणतीन काहीतरी," हर्षा म्हणाली आणि गोळी-पाणी त्याच्या पुढे केलं.

शेवटी असं ठरलं की तिने उजाडल्यावरच निघायचं आणि जिमलगट्ट्याला मुक्काम करायचा. तिथल्या दवाखान्यात तिची शाळेतली मैत्रीण सरिता नर्स होती. प्रफुल आपली सायकल टपावर टाकून बसने मागाहून निघेल आणि बस वाटेत तिला गाठेल. त्याला हे पटलं नव्हतं, पण सकाळी लॉजच्या अंगणात उकिडवं बसून डाव्या हाताने तिच्या सायकलच्या साखळीला तेल घालत होता तोच.

आलापल्ली सुटली तशी हर्षा हळूहळू चालवू लागली. रस्ता खरंच वाईट होता. कुठे खडी, कुठे नुसतीच माती. पण पहिल्यांदाच तो तिच्या डोळ्यांपुढे होता. सागाच्या बुंध्याशी माणसाच्या उंचीची वारुळं होती. नाल्यावरच्या पुलाला कठडेच नव्हते. बसमध्ये पोटात गोळा यायचा तो कुठे, हे तिला आता कळलं. तिथे रस्ता आधी खाली उतरून एकदम डावीकडे वळत होता. तिने तो उतार ब्रेक न लावता घेतला आणि तिला काही झालं नाही.

रेपनपल्लीला सीता नावाच्या बाईचं चहाचं दुकान होतं. सीताने चहा ठेवला आणि सायकलकडे, मग हर्षाकडे पाहिलं.

"एकटीच आली?"

"नवरा बसनं येऊन राह्यला."

"भांडण झालं काय?"

"नाई हो बाई. हात मुरगळला त्याईचा."

सीताला ते फारसं खरं वाटलं नाही. तिने बशीत दोन भजी जास्त टाकली. "पुढं मोठा चढ येते. दम लागला तं उतर अन् ढकलत ने. तिथं कोणी पाहणारं नाई."

चढ आला. हर्षाने चारही गिअर वापरून पाहिले, आणि अर्ध्यात उतरून सायकल ढकलू लागली. घाम डोळ्यांत जात होता. तेवढ्यात मागून ओळखीची घरघर आली. बस तिच्या शेजारी येऊन थांबली आणि डिझेलचा तो जुना वास नाकात शिरला. तिने तोंड दुसरीकडे फिरवलं.

कंडक्टर दारात लोंबकळत म्हणाला, "बाई, चढा लवकर. सायकल टाकतो वर. तुमच्या मिस्टरांनी सारं सांगतलं आमाले."

सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती. एका खिडकीत झोळीतला हात घेऊन प्रफुल होता. तो तिच्याकडे बघत होता. घामाने चिकटलेले केस, लाल झालेला चेहरा, आणि हँडलवरची घट्ट मूठ. हर्षाला वाटलं, आता हा हाक मारणार. ती मनात उत्तर जुळवू लागली.

"जाऊ द्या, भाऊ," प्रफुल कंडक्टरला म्हणाला. "थे येते सायकलनं."

मग त्याने डाव्या हाताने खिडकीतून एक पिशवी खाली सोडली. त्यात त्याचा छोटा पंप आणि पंक्चरचं सामान होतं. "मागचं चाक बसल्यासारखं दिसते. चढ संपला का हवा मार. उतारावर दोन्ही ब्रेक संगं धरजो."

"हो."

"पाणी आहे का?"

"आहे."

बस गेली. धूळ खाली बसेपर्यंत हर्षा तिथेच उभी होती, आणि आपण हसतो आहोत हे तिच्या उशिरा ध्यानात आलं. वर पोचल्यावर तिने आधी हवा मारली, मग समोर पाहिलं. डोंगरांमागे डोंगर, सगळे सागाने भरलेले, आणि मधून एवढीशी वाट. इथून ती किती वेळा गेली असेल. इथे असं काही आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती मनसोक्त वेळ तिथे बसली. कुणाला कुठे पोचायची घाई नव्हती.

उतार तिने दोन्ही ब्रेक धरून घेतला. उन्हं कलायच्या आत जिमलगट्टा आलं. कौलारू घरं, आठवडी बाजाराचे रिकामे ओटे, दवाखान्यामागचे क्वार्टर. सरिता दारातच उभी होती. "तुझ्या नवऱ्याचा फोन आला तीनदा," ती म्हणाली. "आधी आंघोळ कर, मग कर त्याले फोन."

दुसऱ्या दिवशी जंगल विरळ झालं. मिरचीची शेतं लागली, पाट्यांवर तेलुगू अक्षरं दिसू लागली, आणि दुपारच्या उन्हात उजव्या हाताला प्राणहिता चमकली, रुंद आणि संथ. गावाच्या तोंडाशी अश्विनची मोटरसायकल उभी होती आणि मागच्या सीटवर प्रफुल बसला होता. त्याच्या भोवती आणखी पाच-सहा माणसं होती.

"जिजाजीनं कालपासून साऱ्या गावाले सांगून ठेवलं," अश्विन म्हणाला. "दुकानात औषध घ्यायला येते त्यालेबी सांगतात."

प्रफुलने पुढे होऊन तिची सायकल डाव्या हाताने धरली. "चढावर सायकल पुरी ढकलत आणली का चालवत?" त्याने हळूच विचारलं.

"अर्धा ढकलत."

"मीबी ढकललीच असती," तो म्हणाला. हे कबूल करणं त्याला रविवारच्या मंडळींपुढे जमलं नसतं.

घरी आईने भात आणि मासळीचं कालवण केलं होतं. हर्षा भुकेने जेवली. एरवी बसमधून उतरल्यावर इथे तिला पहिला दिवस नुसत्या ताकावर काढावा लागायचा. आई तिच्या ताटाकडे बघतच राहिली. जेवणं चालू असताना अश्विन म्हणाला, "सोमवारी औषधाचा टेम्पो चंद्रपूरले जाते रिकामा. तुमच्या सायकली टाकून देतो त्यात. तुमी आरामानं या मागून."

"याईची टाक," हर्षा म्हणाली आणि भात पुढे ओढला. "अन् याईलेबी बसव समोर, ड्रायव्हरजवळ. माझी राहू दे. मले प्राणहितेच्या पुलावरून तेलंगणाकडचा रस्ता पाहायचा आहे."

प्रफुल माशाचा काटा काढता काढता थांबला. "तिकडून लांब पडते," तो म्हणाला. मग डाव्या हाताने मोबाईल पुढे ओढून नकाशा उघडला, आणि दोघं तो बघू लागली.