काठोकाठ भरलेला पियाला

सुज्ञ वाचकहो, मर्गिलान शहरातील आमच्या सम्स्यांच्या, म्हणजे तंदुरात भाजलेल्या समोशांच्या, दुकानास मुलींसाठी वसतिघर कसे लाभले, आणि ते केवळ एका पियाल्यापायी हातचे कसे जाऊ पाहत होते, याची यथातथ्य हकीकत मी येथे नम्रतापूर्वक निवेदन करीत आहे. त्या दुकानाचा तंदूर मी सांभाळतो आणि सर्व प्रसंग त्या तंदुरासमोरच घडला.

दुकानाच्या मालकिणी दोन. एक होसियत ओपा, ज्यांना आम्ही थोरल्या बहिणीच्या नात्याने ओपा म्हणतो; दुसरी त्यांची नणंद मुयस्सर, जिची जीभ कांदा चिरण्याच्या सुरीहून धारदार आहे. अनाथाश्रमातील मुलींना सज्ञान झाल्यावर एक पिशवी हाती देऊन निरोप देतात. अशा मुलींना या दोघी कामास ठेवीत व सम्से भाजण्याचे सर्व कौशल्य शिकवीत. मात्र मुली अनाथ आहेत असा एक शब्दही दारावर लिहू देत नसत. मुयस्सर म्हणे, दयेचा सम्सा गिऱ्हाईक एकदाच घेते, चवीचा रोज घेते. आणि खरोखरच मटण-कांद्याने भरलेला आमचा गरम सम्सा लग्नघरी, कचेरीत, बसथांब्यावर, जेथे म्हणाल तेथे जाऊ लागला.

धंदा वाढला, परंतु मुली मात्र पिठाच्या कोठीत, पोत्यांच्या मधोमध झोपत. समोरच, गल्लीतील वृद्ध नोरमत बाबांचे दुसरे घर रिकामे पडले होते. ओपांनी ते मुलींसाठी मागितले होते, पण मोटारी धुण्याच्या धंद्यासाठी मागणारा एक इसमही बाबांकडे खेपा घालीत होता. शिवाय गल्लीतील काही मंडळी त्यांचे कान भरीत होती की, आईबापांविना वाढलेल्या पोरींना रीतभात कोठून असणार? बाबा हे रीतभातीचे मोठे भोक्ते. त्यांनी निरोप धाडला की, मी येईन, मुलींच्या हातचा चहा घेईन आणि मग काय ते ठरवीन.

बाबा आले. द्राक्षवेलीखालच्या लाकडी बैठकीवर त्यांना लोडाशी बसविले, रोटी मोडली. चहाचे काम ओयदिन नावाच्या मुलीकडे होते, कारण तिचा हात सर्वांत स्थिर. तिने रीतीप्रमाणे चहा पियाल्यात ओतून किटलीत परत घातला, असे तीनदा केले. मग डावा हात छातीशी धरून तिने बाबांचा पियाला काठोकाठ भरला.

आमच्याकडे पाहुण्यास दोन घोटच चहा देतात. तो संपला की पुन्हा दोन घोट. यजमानाचा हात वारंवार पुढे येतो, हाच मान. काठोकाठ भरलेला पियाला म्हणजे, प्या आणि निघा. हे आपण घरी रांगता रांगता शिकतो. म्हणूनच मुलींना ते शिकवावे, असे दोघी मालकिणींना कधी सुचलेच नव्हते.

बाबांचा चेहरा तांबडा झाला. ते होसियत ओपांना म्हणाले, “निरोप पोचला, लेकी. एवढा संपवतो आणि निघतो.”

परंतु वाचकहो, ओतलेला चहा टाकून उठणे हेही आमच्यात अशोभनीय. आणि आमच्या पियाल्यास कान नसतो. भरलेला पियाला बाबांना धरवेना, सोडवेना. ते मिशा सांभाळीत फुंकर घालीत राहिले. त्यांना जा म्हणणाऱ्या चहानेच त्यांना बसवून ठेविले.

ओपा हळूच म्हणाल्या, “चूक पोरीची नाही, बाबा. आम्हीच सांगितलं नाही.”

ओयदिनला काहीच उमगेना. ती सर्वांच्या तोंडांकडे पाहू लागली. “काय झालं? कमी पडला का?”

“कमी?” मुयस्सर म्हणाली. “आणखी थोडा ओतला असतास तर बाबा पोहत घरी गेले असते.”

बाबांनी फुंकर थांबविली आणि इतका चहा ओतायला कोणी शिकविले, असे तिला विचारले.

“कोणी नाही, बाबा. आश्रमात पातेल्यातून चहा मिळायचा. वाढणारी बाई ज्याच्यावर खूश, त्याचाच पियाला भरायची. माझा एकदाच भरला होता, ताप आला होता तेव्हा.” ती थांबली. “तुम्ही आम्हाला घर देणार ना, म्हणून मी तुमचा भरला.”

मी तंदुरातून सम्से काढून बैठकीवर नेऊन ठेविले, कारण दुसरे काय करावे हे मला सुचत नव्हते. बाबांनी एक खाल्ला, मग आणखी एक. मधूनमधून ते चहा पीत आणि ओयदिनला कणीक कोण मळते, पाणी कोण आणते, असे विचारीत. पियाला रिकामा व्हावयास बराच अवधी लागला. मी मनात म्हटले, आता हे उठणार आणि आपले घर गेले.

बाबांनी पियाला ओयदिनसमोर धरला.

“आता थोडाच ओत, पोरी. मला अजून बसायचंय.”

तिने ओपांकडे पाहिले. ओपांनी बोटाने माप दाखविले. तिने दोन घोट ओतले; मग पुन्हा दोन, मग पुन्हा. बाबा दुपार उतरेपर्यंत हलले नाहीत. मुयस्सर मला हळूच म्हणाली, सोतिवोल्दी, तंदूर पेटताच ठेव, हे रात्रीही जेवतील.

निघताना बाबांनी किल्ली ओपांच्या हाती दिली. अट घातली ती एकच. दर शुक्रवारी मुलींनी त्यांच्याकडे चहास यावे, कारण घरातल्या रीती घरातच समजतात, दुकानात नव्हे. आता त्या घरात मुली राहतात, पिठाच्या कोठीत फक्त पीठ राहते, आणि स्टेशनाजवळ आमचे दुसरे दुकान उघडले आहे. ते ओयदिन चालविते.

वेळात वेळ काढून ही हकीकत आपण शेवटपर्यंत वाचलीत, त्याबद्दल आपला अत्यंत ऋणी आहे.

सोतिवोल्दी तंदूरवाला,
मर्गिलान