बिनहातांची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. बसा म्हटलं असतं, पण हल्ली मी कुणाला आयतं बसू देत नाही. उभ्यानंच ऐका. पाय दुखले तर दुखू द्या, निदान ते आहेत एवढं तरी आठवेल.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. तो गिऱ्हाइकाला सागवानी म्हणून शपथेवर सांगायचा. मी सागवानी नाही, साध्या लाकडाची आहे, पण काम चोख. पाय जाड, पाठ ताठ, आणि हात तर असे की बघत राहावं! रुंद, पुढं जरासे वळलेले. खुर्चीचा मान तिच्या हातांत असतो, असं तो सुतार म्हणायचा. ते मी मनाला लावून घेतलं आणि बरीच वर्षं उगाच तोऱ्यात राहिले.

पहिली नोकरी लागली दातांच्या डॉक्टरकडे, बाहेरच्या खोलीत. आतून मशीनचा आवाज आला की माझ्यावर बसलेला माणूस माझे हात गच्च धरायचा. मोठमोठे मिशीवाले सुद्धा धरायचे. घरी बायकोवर ओरडणारे, आणि इथं माझ्या हातांना घाम पुसणारे. त्या घामानंच माझे हात असे गुळगुळीत झाले. पुढं डॉक्टरनं लोखंडी खुर्च्यांची एक रांगच आणली, आणि मला जुन्या सामानाच्या दुकानात धाडलं. तिथून एका भल्या माणसानं मला आपल्या बायकोसाठी उचललं. खांद्यावर घेऊन चार मजले चढला बिचारा. लिफ्ट नव्हती.

त्याची बायको म्हणजे आमची बाई. आता गंमत ऐका. इमारतीला लिफ्ट नाही, आणि बाईची नोकरी कुठं, तर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत. तक्रारीचे फोन ती घ्यायची. कुणी मधेच अडकलं की फोनवर रडायचं, आणि बाई शांतपणे सांगायची, घाबरू नका, खाली बसून राहा, माणूस निघालाय. बसून राहा हे तिचं ठरलेलं वाक्य. जगाला सांगता सांगता ते तिनं स्वतःलाही सांगितलं असावं.

कारण पुढं कंपनीनं कळवलं की फोन घरूनच घेतलेत तरी चालेल. झालं. कानाला फोन आणि बुडाखाली मी. सकाळी बसायची ती दिवेलागणीला उठायची. आधी नवरा होता तोवर त्याच्याबरोबर खाली फिरून तरी यायची. तो गेला आणि तेही संपलं. पाय हे शेजाऱ्यासारखे असतात. विचारपूस सोडली की ओळख विसरतात. बाईचे पाय तिला विसरले. उठताना ती माझ्या दोन्ही हातांवर सगळा भार टाकायची, तोंडानं "आई गं" म्हणायची, आणि मग कशीबशी उभी राहायची. मला बरं वाटायचं. माझ्यावाचून हिचं पान हलत नाही, असं वाटायचं.

एक दिवस ती खाली गेली, पिशवी भरून परत निघाली आणि दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर टेकली ती टेकलीच. उठताच येईना. येणारेजाणारे वळसा घालून जात होते. शेवटी शेजारणीनं मुलाला फोन केला. मुलगा कामावरून धावत आला, दोघांनी बगलेत हात घालून तिला वर नेलं.

दुसऱ्या दिवशी मुलानं मला उचललं आणि दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात, भिंतीला लावून ठेवलं. "आई, इथं टेकत जा." माया होती हो त्याची. पण त्या मायेच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट आली. हे घर विकू, तू आमच्याकडे ये, आमचं तळमजल्यावर आहे, मागची खोली रिकामीच आहे. गिऱ्हाईकही त्यानं बघून ठेवलं होतं.

बाई बिथरली. सून वाईट असती तर निदान भांडता तरी आलं असतं. सून चांगली होती, आणि बाईला भीती त्याचीच होती. ती हातात पाणी देणार, ताट समोर आणणार, उठूच देणार नाही. मागची खोली, मागच्या खोलीत पलंग, पलंगावर आपण, हे बाईला स्पष्ट दिसत होतं. आणि इथं स्वतःच्या दाराची किल्ली होती. ती किल्ली तिला कुणाच्या हातात द्यायची नव्हती.

"मला चढता येत नाही म्हणूनच विकायचं ना?" तिनं विचारलं.

मुलगा म्हणाला, हो, दुसरं काय.

"मग चढून दाखवते. कुठंही न टेकता. तुझ्या पोरांची परीक्षा होईपर्यंत थांब."

मुलगा हसला नाही, पण हो म्हणताना बापानं लेकराला म्हणावं तसं म्हणाला. बाईला ते झोंबलं.

आमच्या इमारतीत तळमजल्याला, आधी जिथं गोदाम होतं तिथं, एक लहानशी जिम निघाली होती. तिथली ट्रेनर म्हणजे एक काटकुळी पोरगी, केस आखूड, गळ्यात शिट्टी. ती शिट्टी कधी वाजवायची नाही, पण सगळे तिला शिट्टीच म्हणायचे. बाईनं तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पार्सल देणारा पोऱ्या समजून दारातूनच परत पाठवत होती. पुढं एकदा ही पोरगी वर चाललेली, आणि बाई माझ्यावर बसून भात्यासारखी धापत होती. शिट्टी थांबली. बाईकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"काकू, ही खुर्ची खातेय तुम्हाला."

माझा असा संताप झाला म्हणून सांगू! मी खातेय? मी सांभाळतेय तिला! पण खुर्चीचं कोण ऐकतं. बाईनं मात्र ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिमच्या दारात जाऊन उभी राहिली. वजन कमी करायचं नाही, म्हणाली, आरशात बघायचं नाही, मला फक्त माझ्या घरी चढून जायचंय. शिट्टी म्हणाली की आधी डॉक्टरला गुडघे दाखवून या, मग बघू. आणि बाई दाखवून आली तेव्हा तिनं मागवलं कुणाला? मला.

मला वाटलं, तिथल्या लोखंडी सामानात माझं काय काम. काम एकच होतं. बाईनं माझ्यावर बसायचं आणि उठायचं. हात छातीवर धरून. आधी माझ्या बैठकीवर उशांची चळत रचली, म्हणजे उंच झाल्यानं उठणं सोपं जाईल. मग काही दिवस गेले की एक उशी गुपचूप कमी. पाय मागं घ्या, पुढं वाका, टाचांवर जोर द्या, उठा. शिट्टीचा हा मंत्र मला पाठ झाला. बाकी काय, तर खालच्या पायरीवर चढउतार, हातात पिशवी धरून चालणं, आणि चढताना गप्पा. गप्पा का, तर बोलता येईना म्हणजे वेग जास्त झाला, हळू व्हायचं. बाईला बोलायला सांगावं लागत नाही. जिन्यातच तिनं कंपनीतल्या सगळ्या साहेबांचा उद्धार केला.

शेवटची उशी निघाली त्या दिवशी मात्र घोळ झाला. बाई हात छातीवर धरायची, पण उठायची वेळ आली की कोपर हळूच माझ्या हाताला लावायची. शिट्टी म्हणायची, काकू, कोपर. बाई म्हणायची, कुठं? चार दिवस हेच. पाचव्या दिवशी बाईनं मला जिममधल्या एका पोराकडून उचलवून घरी आणलं, पलंगाखालून नवऱ्याची करवत काढली आणि माझे दोन्ही हात कापले.

बोलून दाखवण्यासारखं ते नाही. दातांच्या डॉक्टरकडे लोक कशाला भितात ते मला तेव्हा समजलं. भुसा झाडून ती माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "रडू नकोस. तू असलीस की मी लबाडी करते." त्यातला एक हात अजून तिच्या खिडकीत आहे, झडप वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावलाय. दुसरा कुठं गेला माहीत नाही.

शिट्टीनं मला तशी पाहिली आणि पहिल्यांदाच खळखळून हसली. म्हणाली की आजवर सवय सोडायला लोकांनी पुष्कळ काय काय केलं, पण असं कुणी केलं नव्हतं.

त्यानंतर मला परत दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात ठेवलं. बाई दुसऱ्यापर्यंत येऊन न टेकता उभी राहू लागली, तेव्हा मला तिसऱ्यावर नेलं. अशी मी माझ्या पायांनी नाही, पण तिच्या पायांनी वर चालले होते. मला राग यायचा थांबला होता. बाईची पोटरी घट्ट झालेली, श्वास खोल गेलेला मला कळायचा. बसणाऱ्याचं अंग खुर्चीला कळतं, डॉक्टरला काय कळेल.

पण बाई कंपनीतली. तक्रार आली की आजच्या आज निकाल, अशी सवय. परीक्षेचे दिवस जवळ आले तशी ती शिट्टीला न सांगता दुपारी जिना चढू लागली, संध्याकाळी परत. गुडघा सुजला, टम्म. पाय खाली टेकवेना. मुलानं पाहिलं आणि खिशातला फोन काढून गिऱ्हाइकाशी बोलायला गॅलरीत गेला. ते बाईला फार लागलं.

शिट्टी वर आली. बर्फाची पिशवी गुडघ्यावर ठेवली आणि चांगली हजेरी घेतली. "काकू, शरीर काय लिफ्ट आहे, बटण दाबलं की वर? मी विश्रांतीचे दिवस सांगितले होते ते माझ्या आळसासाठी नव्हते. पाय कामाच्या दिवशी थकतात, आणि घट्ट होतात ते झोपेत."

बाईनं मान खाली घातली. जन्मात ती इतक्या लहान माणसाचं ऐकताना मी पाहिली नव्हती. माझ्यानं होणार नाही गं पोरी, असं ती पुटपुटली. शिट्टी म्हणाली, होईल, पण माझ्या वेगानं. सूज उतरेपर्यंत पाय वर, मग पुन्हा उशा, पुन्हा पहिली पायरी. बाईनं सांगितलं तेवढंच केलं. आणि मला हळूहळू कळलं की या वेळी ती लवकर चढतेय, कारण वाट माहितीची झालेली. परीक्षा संपायच्या आत मी चौथ्या मजल्यावर, घराच्या दारात, आणि मग घरात आले.

मग तो रविवार. मुलगा सकाळीच आला. बाई खाली शिट्टीबरोबर अंग मोकळं करत होती. अडीअडचणीसाठी त्याच्याकडं असलेल्या जादा किल्लीनं त्यानं घर उघडलं, मला उचललं आणि उतरून दुसऱ्या मजल्यावर ठेवलं. लागलंच तर असू दे, म्हणून. माया, दुसरं काय. माझ्यात भरीव लाकूड आहे. त्याचा शर्ट पाठीला चिकटला.

खालून बाई निघाली. हातात भरलेली पिशवी, जिच्यामुळं ती पहिल्यांदा बसली होती तीच. शिट्टी बरोबर, मुलगा मागं. बाई बोलत येत होती. तू लहानपणी किती हट्टी होतास, शाळेत न्यायला पाठीवर घ्यावं लागायचं, वगैरे. आवाज कुठं तुटत नव्हता. दुसऱ्या मजल्यावर ती माझ्यासमोर आली आणि मला तिथं पाहून जरा थबकली. क्षणभर मलाच वाटलं, बसेल का? माझी पाठ थोपटली तिनं. "तू इथं काय करतेस गं?" म्हणाली, आणि पुढची पायरी चढली.

मागून मुलगा आला. त्याला सकाळपासून हा जिना दुसऱ्यांदा, शिवाय माझं ओझं झालेलं, आणि बाकी आठवडाभर तो ऑफिसात बसलेला. चेहरा लाल. एक मिनिट, म्हणाला, आणि माझ्यावर धपकन बसला.

वरून दाराची किल्ली फिरल्याचा आवाज आला. मुलानं तो ऐकला. मग वरून हाक आली, "अरे, राहिलास कुठं?"

"आलो, आई."

आला नाही. उठायला त्यानं दोन्ही बाजूंना हात टाकले, आणि हातांना हवाच लागली. माझे हात कुठं होते? पुन्हा टाकले. मी काय करणार. दोन-तीन झटके देऊन तो तसाच बसला, मग खिशातून फोन काढला. माझ्यावर बसूनच गिऱ्हाइकाला सांगितलं की नाही, घर विकायचं नाही, आईचा विचार बदललाय असं नाही, माझा बदललाय.

पावलं वाजली. बाई पिशवी घरात ठेवून खाली आली होती. मुलानं हात पुढं केला, ओढ म्हणून. बाईनं आपले हात छातीवर धरले.

"तिला हात नाहीत आणि मी देणार नाही. पाय मागं घे. पुढं वाक. टाचांवर जोर दे. ऊठ."

तो उठला. शिट्टी तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून खाली बघत होती. गळ्यातली शिट्टी तिनं तोंडात धरली आणि त्या दिवशी पहिल्यांदा वाजवली. सगळ्या मजल्यांची दारं उघडली.

आता मी जिममध्ये असते. बाईनंच दिलं मला, म्हणाली, हिचा मला उपयोग राहिला नाही, तुमच्याकडं राहू दे. ती फोन आता उभी राहूनच घेते. मंगळवारी आणि शुक्रवारी मुलगा येतो, त्याच्या दोन उशा अजून शिल्लक आहेत, आणि बाई कोपऱ्यातून त्याच्या कोपरावर डोळा ठेवून असते.

माझं वय झालंय, एका पायाला चीर गेलीय. पण काम आहे. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल, मऊ गादीची, छान हातांची. तिला काही बोलू नका, ती प्रेमानंच बसवतेय तुम्हाला. फक्त दिवसातून थोडा वेळ तिचे हात नाहीत असं समजा. आणि आता फार झालं, चला, उठा. अरे हो, तुम्ही उभेच आहात.